चिखलदऱ्यावर २६ जणांचं लग्न: एक प्रकरण अभ्यास

माझ्या बहिणीचं घर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या सपाट मुलखात. तीन वर्षांपूर्वी तिथं भाच्याचं लग्न झालं. मे महिना होता, अकराशे पानं उठली, पाण्याला टँकर लावावा लागला. बहिणीच्या सासूबाईंना, म्हणजे पोरांच्या आजीला, मांडवाच्या कडेला कूलरजवळ खुर्ची दिली होती. कूलरचा आवाज एवढा की मंगलाष्टकं ऐकू येईनात, आणि पुढं उभ्या राहिलेल्या गर्दीत नातू दिसेना. अक्षता टाकायची वेळ झाली हे शेजारच्या बाईनं हात हलवून सांगितलं, तेव्हा आजीनं मुठीतली ज्वारी समोरच्या माणसाच्या पाठीवर टाकली.

हे भाचीनं पाहिलं होतं. तिचं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा ती परतवाड्याला माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, मले तसं लग्न नाई पाहिजे. आजी मांडवात होती अन् तिले काईच दिसलं नाई. पंचवीस-तीस माणसं बोलवू, अन् लग्न चिखलदऱ्यावर करू."

भाच्याच्या लग्नाचं देणं फिटायला दोन हंगामांचा कापूस गेला, हेही तिच्या मनात होतं. कर्ज काढून लग्नं करू नका, हे सांगत गाडगेबाबा आमच्याच भागात गावोगाव फिरले. त्यांचं शेंडगाव आमच्या शेजारच्या तालुक्यातलं. ऐकलं सगळ्यांनी, वागलं थोड्यांनी. भाचीला वागायचं होतं, म्हणून मी सगळी जबाबदारी घेतली. त्यानंतर ओळखीच्या दोन-तीन घरांतून विचारणा झाली, म्हणून जे केलं, जे चुकलं ते सगळं इथं मांडते आहे.

सुरुवातीला आम्हा सगळ्यांना वाटलं, माणसं कमी म्हणजे काम कमी. पण अकराशेंच्या मांडवात एखाद्याला थंडी वाजली, कुणाचं पोट बिघडलं, तर ते गर्दीत जिरून जातं. सव्वीस जणांत एक माणूस कुडकुडत बसला तर नवरा-नवरीसकट सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच जातं. शिवाय आपण त्यांना त्यांच्या गावातून उचलून डोंगरावर नेणार. तिथं त्यांची खाट नाही, त्यांचा डॉक्टर नाही, शेजारीही नाही. त्यांच्या सोयीचा भार पूर्ण आपल्यावर.

यादी करताना सगळ्यांत जास्त त्रास झाला. दोन्हीकडची तेरा-तेरा माणसं, नवरा-नवरी धरून. कसोटी भाचीनं ठरवली: त्या दिवशी जो नसला तर मला चुकल्यासारखं वाटेल, तोच. बोलायला सोपं आहे हे. सख्खे चुलत काका यादीबाहेर राहिले आणि त्यांनी मधल्या पारावर बसून ऐकवलं, "पोरीचं लग्न अन् चुलता घरी? आमी का मेलो का?" यावर माझ्या बहिणीनं जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. लग्न झाल्यावर समजूत काढण्याऐवजी ती लग्नाच्या दहा दिवस आधी घरोघरी गेली. प्रत्येक दारात बसली, कुंकू लावलं, आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं की लग्न वर आहे, थोडक्यात आहे, तुम्हाला बोलावत नाही, पण आल्यावर बुंदीचा पुडा घेऊन पोरीला तुमच्या पाया पडायला आणते. काकांनी चहा घेतला नाही. बहीण तशीच उठली आणि पुढच्या घरी गेली.

नावं पक्की झाली तशी मी वहीत प्रत्येक नावापुढं खाणे आखले. वय, गुडघे, शुगर, कान, घाटात ओकारी होते का, रात्री किती वेळा उठावं लागतं. असं विचारणं बरं दिसत नाही म्हणून मी फोनवर न विचारता त्या त्या घरच्या सुनेला किंवा लेकीला विचारलं. त्यांना सगळं ठाऊक असतं. पाच माणसं पासष्टीच्या पुढची निघाली, दोघांना शुगर, नवरदेवाच्या बहिणीला पाचवा महिना, दोन लेकरं पाच वर्षांच्या आतली. आणि सगळ्यांत कठीण आमची आजी. वय ८२, काठी टेकून एका दमात चाळीस-पन्नास पावलं, रात्री तीनदा उठणं, डाव्या कानानं ऐकू येत नाही.

इथंच मी ठरवलं की जागा, वेळ, गाडी, जेवण, काहीही ठरवायचं तर आधी एकच विचारायचं: आजीला जमेल का? तिला जमलं तर सगळ्यांना जमेल.

पहिली कात्री लागली ऋतूला. भाचीला ऑगस्ट हवा होता. पावसाळ्यात चिखलदरा काय दिसतो हे विदर्भात कुणाला सांगायला नको, आणि तिच्या डोळ्यासमोर धुक्यात उभे ते दोघं होते. मी म्हटलं, "बाई, धुकं फोटोत चांगलं दिसते, घाटात नाई." चातुर्मासात मुहूर्त नाही याचं दोघांना फारसं काही नव्हतं. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, नागपूरच्या गाड्यांनी घाट भरून जातो, दरडीचे दगड रस्त्यावर येतात, आणि धुकं दाटलं की ड्रायव्हरला पुढची गाडी दिसत नाही. अशा घाटात आजीला दोन तास अडकवून ठेवायचं? उन्हाळ्यात वर पाण्याची ओढ असते, आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंतच माणूस भाजून निघतं. दिवाळीनंतर कापूस वेचणीची घाई, मग तूर. पंधरा फेब्रुवारीपासून वन विभागाचा वणव्याचा हंगाम धरला जातो. सागाची पानं गळून जंगल कोरडं झालेलं असतं, तेव्हा होमाचा विस्तवसुद्धा जपावा लागतो. असं करत करत फेब्रुवारीचा पहिला आठवडा उरला. तूर घरात आलेली, हरभरा अजून शेतात. रात्री थंडी असणार हे आम्ही मान्य केलं, कारण थंडीवर पांघरूण घालता येतं.

जागेचा प्रश्न त्याहून नाजूक होता. दोघांना कड्याच्या टोकावर लग्न लावायचं होतं. कधी देवी पॉइंट म्हणत, कधी पंचबोल, एकदा तर गाविलगड. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेनं घेतलेला तो किल्ला जंगलाच्या हद्दीत आहे. तिथं मांडव घालायचा विचारच करू नये. भीमकुंडाचं नाव निघालं तेव्हा नवरदेवाचे वडील गंभीरपणे म्हणाले, "भीमानं कीचकाले मारून जिथं हात धुतले, तिथं लग्न लावाव का जी?" कीचकाच्या दरीवरूनच या गावाला नाव पडलं अशी आख्यायिका आहे, त्यामुळे तोही मुद्दा मी वहीत लिहून घेतला.

मग एका सकाळी मी काठी घेऊन वर गेले आणि प्रत्येक ठिकाणी गाडी जिथं थांबते तिथून पावलं मोजली. देवी पॉइंटला पायऱ्या. दुसरीकडे उतार आणि सुटे दगड. वारा असा की पदर सावरताना काठी सुटावी. बसायला काही नाही, आडोसा नाही, आणि बाईमाणसाला जायला जागा नाही. अखेर ज्या लॉजवर मुक्काम करायचा होता त्याच्याच मागच्या हिरवळीवर माझी पावलं थांबली. आजीच्या खोलीच्या उंबऱ्यापासून मांडवाच्या जागेपर्यंत अडतीस पावलं, सपाट, एकही पायरी नाही. एका बाजूला इमारतीची भिंत वारा अडवते, दुसरीकडे दरी उघडी.

भाची हिरमुसली. तिला मी म्हटलं, लग्न आणि डोंगर एकाच तासात उरकायचा हट्ट सोड. सूर्य उगवताना तुम्ही दोघं, फोटोवाला आणि ज्यांचे पाय धडधाकट आहेत अशी भावंडं पॉइंटवर जा, पाहिजे तितका वेळ तिथं घालवा. आठला परत या. साडेदहाला लग्न हिरवळीवर, आजीच्या समोर. यावर ती लगेच हो म्हणाली. अशा लग्नाचा विचार करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. आमचे अर्धे प्रश्न या एका निर्णयानं सुटले.

आता घाट. परतवाड्यापासून वर साधारण तीस किलोमीटर, धामणगाव गढी आणि मोथ्यावरून. ज्यांना घाटाची सवय नाही त्यांना हा तासाभराचा रस्ता नको होतो, आणि एकदा उलटी झाली की त्या माणसाचा सगळा दिवस जातो. डोळ्यांना गाडीची आतली बाजू स्थिर दिसते आणि कानाच्या आतला तोल मात्र प्रत्येक वळणाला हलतो. या दोन्हींचं जमत नाही म्हणून मळमळतं. म्हणून ओकारीवाल्यांना पुढच्या सीटवर बसवायचं, नजर दूरच्या रस्त्यावर ठेवायला सांगायचं, मोबाइल हातात द्यायचा नाही. मोठी बस न घेता तीन लहान गाड्या केल्या, तेव्हा पुढच्या जागा तीन झाल्या. निघताना तेलकट नाश्ता नाही. परतवाड्याला माझ्याच घरी सगळ्यांना मुरमुरे, केळं आणि आल्याचा चहा दिला आणि अर्धा तास बसवलं. दोघांनी डॉक्टरांना विचारून गोळी घेतली, ती गाडीत बसण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, कारण मळमळ सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नसतो. ड्रायव्हरांना मी स्वतः सांगितलं, घाटात वीस मिनिटांनी थांबायचं, कुणी म्हणो न म्हणो.

सगळी चढाई उजेडात. आदल्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी तीनच्या आत सगळे वर पोहोचतील असं आखलं. संध्याकाळनंतर त्या रस्त्यावर जनावरं उतरतात, रानगवा वळणावर उभा असतो, आणि फेब्रुवारीत सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. नवरदेवाच्या आईला काळजी होती की एवढ्या उंचीवर आजीचा बीपी वाढेल का. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे; उंचीनं श्वास लागणं वगैरे साधारण अडीच हजार मीटरच्या पुढं सुरू होतं. तरी आजीच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. वर ग्रामीण रुग्णालय आहे, खाली अचलपुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, हे आणि १०८ असं सगळ्या गाड्यांत कागदावर लिहून ठेवलं.

दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, या हिशेबानं परतवाड्यापेक्षा वर चार-पाच अंश गार. पण थंडी आकड्यापेक्षा वाऱ्यानं जास्त बोचते. खारपाणपट्ट्यातल्या माणसांच्या घरी स्वेटर असतो, तो पेटीत खाली गेलेला असतो. म्हणून मी निमंत्रणाच्या निरोपातच सांगितलं: कानटोपी, मोजे, शाल. तरीही बिछायत केंद्रातून माणशी दोन ब्लँकेटं घेतली. रात्री दहा वाजता लॉजमधून जास्तीचं पांघरूण मिळेल या भरवशावर कुणी राहू नये.

आजीसाठी मेडिकलच्या सामानाच्या दुकानातून कमोडची खुर्ची भाड्यानं आणली. खाटेपासून तीन पावलांवर ठेवली, रात्रभर बारका दिवा चालू ठेवला. आजी आधी लाजली. "लग्नात असं सामान नेतेत का वं?" पण सकाळी म्हणाली, रात्री एकदाही कुणाला उठवावं लागलं नाही. मांडवातल्या खुर्च्याही हातवाल्या घेतल्या, कारण बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही.

जेवणाचं फार लांबवत नाही. आचारी परतवाड्याचा, पाचशे-हजाराच्या अंदाजानं हात चालणारा. त्याला पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक म्हणजे चवीपुरता वाटला आणि तिखट हाताला येईल तसं पडलं. सुदैवानं मी आधीच मऊ भात, मुगाचं वरण आणि दोडक्याची भाजी वेगळी करायला लावली होती. बाकी वांग्याची भाजी, रोडगे, कढी, बुंदी. मोथ्याच्या गवळ्यांकडून दूध आणि खवा घेतला, रबडी वरच आटवली. चिखलदऱ्याची कॉफी इथं पिकते हे पाहुण्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. सकाळी तीच दिली.

कायद्याचं थोडक्यात. आधी विशेष विवाह कायद्यानं, म्हणजे १९५४ च्या, करायचा विचार होता. त्यात नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं, नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न व्हावं लागतं, तीन साक्षीदार लागतात. पण दोघांना खरं लग्न आजीसमोर लावायचं होतं, म्हणून वैदिक पद्धतीनं लावून नंतर नोंदणी केली. गुरुजींना वेळ आटोपशीर ठेवायला सांगितलं, मात्र सप्तपदी कापायची नाही हे मी बजावलं. जिथं सप्तपदीचा विधी आहे तिथं सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं, असं हिंदू विवाह कायद्यातच आहे, आणि विधी न करता नुसतं प्रमाणपत्र काढलं तर ते लग्न ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. सप्तपदीचे फोटो वेगळे काढून घेतले. नोंदणी ९० दिवसांच्या आत झाली.

मांडवाचं कापड मोठं घेतलं तर शिडासारखं फुगतं. म्हणून छत लहान आणि ठेंगणं केलं, चारी खांबांना वाळूची पोती बांधली. डहाळ्या जंगलातून तोडायच्या नव्हत्या. आंब्याच्या आणि जांभळीच्या डहाळ्या बहिणीनं गावाहून ओल्या फडक्यात आणल्या. होमकुंड विटांच्या थरावर, भोवती वाळू, बाजूला पाण्याच्या दोन बादल्या. डीजे नाही, फटाके नाहीत, जंगलाशेजारी ते शोभतही नाही. गुरुजींसमोर एक छोटा स्पीकर, आणि त्याची दिशा आजीच्या उजव्या कानाकडं.

आता चुकलेलं. शुक्रवारी नवरदेवाकडची एक गाडी मोबाइलमधला नकाशा पाहत मोथ्याऐवजी घटांग-सलोन्याच्या दुसऱ्या रस्त्याला लागली. मध्ये नेटवर्क नाही. सव्वा तास ती गाडी कुठं आहे हे कुणालाच कळेना, आणि त्यातच पाचवा महिना असलेली लेक. वर नवरदेवाच्या आईचा जीव वर-खाली होत होता. गाडी सुखरूप आली, पण चूक माझी होती. दवाखान्यांचे नंबर मी कागदावर दिले, रस्ता मात्र तोंडी सांगितला.

पहाटे पाच वाजता लॉजचं गिझर बंद. आदल्या संध्याकाळी मालकानं "चालू आहे" म्हटलं आणि मी नळ सोडून पाहिला नाही. आचाऱ्याच्या भट्टीवर पातेली चढवून सहा जणांच्या आंघोळी झाल्या, बाकीच्यांनी हातपाय धुतले.

तिसरी चूक मला सगळ्यांत लागली. सव्वीस जणांच्या यादीबाहेरचे तीन ड्रायव्हर, आचारी आणि त्याचे दोन मदतनीस, गुरुजी, फोटोवाला, हे मी जेवणात धरले होते, पण झोपण्यात धरले नव्हते. ड्रायव्हर रात्री गाडीतच झोपले. सकाळी एकाच्या काचेवर आतून दव धरलेलं दिसलं तेव्हा मला कळलं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांच्या हातात आपली म्हातारी माणसं आणि घाटाची वळणं द्यायची होती. पुन्हा असं काही करायची वेळ आली तर यादीत पहिली नावं ड्रायव्हरांची असतील, खाट आणि पांघरुणासकट.

लग्न साडेदहाऐवजी अकराला लागलं. वाऱ्यानं अंतरपाट एकदा हातातून सुटला, तो भावंडांनी पकडला. अक्षता ज्वारीच्या होत्या, त्या नंतर तिथल्या पाखरांनी वेचल्या. आजी पहिल्या रांगेत होती, होमाच्या धुराच्या उलट्या बाजूला, मांडीवर शाल. जेवणं एकपर्यंत आटोपली, तीन वाजता गाड्या उतरायला लागल्या, आणि पाचच्या आत सगळे माझ्या घरी चहाला होते.

तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे बहीण आणि भाची बुंदीचे पुडे घेऊन निघाल्या. चुलत काकांकडे आजीही हट्टानं गेली. भाची पाया पडली, काकांनी डोक्यावर हात ठेवला, पण बोलले नाहीत. मग आजीजवळ सरकून म्हणाले, "सांग बरं काकू, कसं झालं लगन?"

आजीनं तासभर सांगितलं. गुरुजींचा आवाज कुठं चढला, कुठं बसला. व्याह्यांचे डोळे कधी भरले. आणि सप्तपदीच्या चौथ्या पावलाला पोरीचा अंगठा लागून सुपारी घरंगळली, तर नवरदेवानं वाकून ती परत तांदळाच्या पुंजक्यावर ठेवली अन् मगच पुढचं पाऊल टाकलं. ते आमच्यापैकी कुणीही पाहिलं नव्हतं. मी नंतर फोटो काढून बघितले. चौथ्या पावलाच्या फोटोत नवरदेव वाकलेला आहे.